वेगळे बसलेले पाहुणे

सर्व संबंधितांस, आणि विशेषतः ज्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही अशांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या एका पोल्डरमध्ये कायद्याने किती हंस मारायचे, हा आकडा सलग अकरा वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका शुद्ध शाकाहारी बाईने टाइप केला. अंडं घातलेला केकसुद्धा न खाणाऱ्या बाईने. सदर निवेदन वाचण्यापूर्वी चहा पिऊन घ्यावा, कारण पुढे तो गार होईल.

अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या मराठी घरांत मी हे इतक्या वेळा सांगितलंय की जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणतंच, "ते काकूंचं सांगा." मीही आढेवेढे घेतो, पाणी मागतो, खुर्ची दिव्यापासून जरा लांब ओढतो. आणि सांगून झालं की ट्रामच्या थांब्यापर्यंत कुणी एकटं चालत जात नाही. आज लिहून ठेवतोय, कारण लिहिताना खुर्ची ओढता येत नाही. जे घडलं तेवढंच सांगावं लागतं.

तेव्हा मी ग्रोनिंगनला होतो. पक्षीगणनेचा प्रोग्रॅम लिहायला आमच्या कंपनीने मला तिथल्या एका सरकारी कचेरीत पाठवलं होतं. राहायला खोली मिळेना. गावातल्या सगळ्या खोल्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरून एक बाई माझ्या डब्यात डोकावल्या. पांढरे केस, गळ्यात चष्म्याची दोरी, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट.

"हे पोहे तू केलेस?" त्यांनी चक्क मराठीत विचारलं.

"हो."

"माझ्या घराची वरची खोली रिकामी आहे. आजच सामान आण. असले पोहे खाणाऱ्या माणसाला एकटं सोडणं बरं नाही."

या काकू. काकांच्या नोकरीमागे कधीकाळी इकडे आल्या, डच शिकल्या, कचेरीत कारकून म्हणून लागल्या. काका गेले, मुलगी दूर कॅनडात, पण काकू राहिल्या. का राहिलात, असं विचारलं की म्हणायच्या, "पाहुणे येतात ना दरवर्षी. घर बंद कसं ठेवू?"

पाहुणे म्हणजे हंस. आपल्या चित्रांतले गोंडस पांढरे राजहंस नव्हेत. काळी मान, राखाडी पाठ आणि पांढरं तोंड असलेले जंगली हंस. लांबून पाहिलं तर काळ्या शालीतून डोकावणारे फिकट चेहरे वाटावेत, असे. ऑक्टोबरात ते उत्तर ध्रुवाकडून हजारोंच्या थव्यांनी उतरतात आणि कुत्र्याच्या पिल्लांसारखे भुंकत हिवाळाभर गवत खातात. पहिला थवा दिसला की काकू सगळ्या कचेरीला दोन शब्दांची ईमेल पाठवायच्या: "पाहुणे आले." डच मंडळी त्याला उत्तरादाखल अंगठे पाठवायची.

आता कायदा. घाबरू नका, पाच वाक्यांत आटोपतो. हे पक्षी कुठल्याच एका देशाचे नसल्यामुळे त्यांच्या वाटेवरचे सगळे देश एकत्र बसून ठरवतात की थवा टिकून राहील अशा बेताने यंदा किती मारले तर चालतील. त्या आकड्याची देशांत वाटणी होते, मग प्रांतांत, मग पोल्डरांत, म्हणजे समुद्र मागे रेटून काढलेल्या त्या सपाट जमिनींत. मग मसुदा निघतो आणि काही आठवडे लोकांसमोर ठेवला जातो. कुणालाही त्यावर आपलं म्हणणं लेखी देता येतं. शेवटी सही होते, आदेश प्रसिद्ध होतो आणि शेतकरी आपापल्या कपाटातली बंदूक काढतात.

या भल्यामोठ्या यंत्राच्या अगदी शेपटाशी, एकेका पोल्डरचा आकडा रकान्यात भरायला काकू बसलेल्या असायच्या. आकडे भरायचा दिवस आला की आधी हात धुवायच्या. मग डाव्या हाताच्या करंगळीने एकेक कळ दाबायच्या. मी म्हटलं, "काकू, उजव्या हाताने केलंत तर दहा मिनिटांत होईल."

"उजव्या हाताने मी जेवते."

"अहो, पण आकडा तुम्ही थोडाच ठरवता? तुम्ही फक्त लिहिता."

"आकडा लिहिणं म्हणजे बोट दाखवणं," काकू म्हणाल्या. "समोर कोण उभं आहे, ते न बघता."

हे त्यांचं आवडतं वाक्य. आणखी एक सवय म्हणजे त्या 'मारले' असं कधी म्हणायच्या नाहीत. 'यादीत गेले' म्हणायच्या. नाताळच्या आधी कचेरीत मेजवानी असायची, तेव्हा भाजलेल्या पक्ष्याच्या ताटासमोर उभं राहून वाढणाऱ्याला अगदी प्रेमाने विचारायच्या, "हा कुठल्या पोल्डरचा?" निम्मी कचेरी मग सॅलड खायची. साहेब वैतागायचे. साहेब म्हणजे आमचे खातेप्रमुख. पस्तिशीचे, उंच, सदैव हसतमुख, आणि कुठल्याही भांडणाला भिणारे. काकू त्यांना अरेतुरे करायच्या. डच भाषेत ते चालतं, पण काकू ते मराठी सुरात करायच्या.

मोजणीच्या दिवशी सगळ्यांच्या हातात बटण दाबायची छोटी यंत्रं असायची. काकू खिशात चिंचोके घेऊन जायच्या. बांधावर उभ्या राहून, पाढे म्हणावेत तशा सुरात मराठीत मोजायच्या आणि दहा झाले की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात टाकायच्या. त्यांची मोजणी यंत्रवाल्यांशी जुळली नाही, तर यंत्रवाले पुन्हा मोजायचे. इतका दरारा.

माझा पहिला नोव्हेंबर. आदेशावर सही झाली आणि दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "चल, दाखवते तुला. माझ्या पोल्डरात जाऊ."

"तुमचा म्हणजे?"

"यादीतला पहिला. दरवर्षी माझी करंगळी आधी त्याच्यावर पडते."

सायकलींवरून गेलो. सकाळचे अकरा वाजले होते, पण धुकं असं की पुढच्या सायकलचं मागचं चाक तेवढं दिसत होतं. बांधावर चढलो. खाली डाव्या अंगाला हजारो हंसांचा कालवा चालू होता. कुणी चरतंय, कुणी भांडतंय, कुणी पंख झटकतंय. मध्ये पाण्याने भरलेली एक चर. आणि चरीच्या अलीकडे, उजव्या अंगाला, मोजके हंस वेगळे बसलेले.

ते चरत नव्हते. भुंकत नव्हते. सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. धुक्यात माना दिसतच नव्हत्या. जमिनीपासून हातभर उंच अधांतरी टांगल्यासारखे नुसते पांढरे चेहरे.

"मोज," काकू हळूच म्हणाल्या.

मी मोजले. "अठ्ठावीस."

"आता आदेशात माझा पोल्डर बघ."

मी मोबाइल काढला. अठ्ठावीस.

मी हसलो. हसायलाच हवं होतं. "काकू, तुम्ही आधी येऊन मोजून गेला असाल, आणि मग तोच आकडा भरला असेल."

"आकडा मी ठरवते का? तो वरून येतो. सही होईपर्यंत हे सगळे पलीकडे मिसळलेले असतात. सही झाली की तेवढे अलीकडे येऊन बसतात. दरवर्षी. कुणी त्यांना हाकलत नाही."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, कुठल्याही थव्यात काही पक्षी बाजूला बसतातच." काकूंनी थर्मासमधला चहा ओतला. "खरं आहे त्याचं. बसतातच."

परत येताना मी सारखा मागे वळून पाहत होतो. काकूंनी एकदाही पाहिलं नाही.

त्या पोल्डरचा शेतकरी हा काकूंचा जुना दोस्त. साठीचा, लालबुंद गालांचा, खांदे दारात अडकतील असा. काकू मोजणीला आल्या की तो त्यांना स्वयंपाकघरात बसवून वाटाण्याचं सूप द्यायचा. त्या सूपमध्ये सॉसेजचे तुकडे असायचे. ते तो स्वतः चमच्याने एकेक वेचून काढायचा आणि अभिमानाने म्हणायचा, "घ्या मेवरॉव, शाकाहारी झालं." मेवरॉव म्हणजे बाईसाहेब. काकू ते सूप न पिता, दुखवायचंही नाही म्हणून, अर्धा तास नुसतं ढवळत बसायच्या. माझ्याकडे बघून मराठीत म्हणायच्या, "प्यायला सांगितलं तर बघ, तुझी खोली जाईल."

पण गवताची गोष्ट निघाली की हाच माणूस टेबलावर मूठ आपटायचा. हंसांनी वसंतातलं पहिलं गवत संपवलं की त्याच्या गाई गोठ्यात उपाशी ओरडायच्या. ते मीही ऐकलंय. दुसऱ्या वर्षी त्याने मसुद्यावर दोन पानी तक्रार दिली आणि त्याच्या पोल्डरचा आकडा वाढून सदतीस झाला.

त्या वर्षी आदेश निघाल्यावर काकूंना न सांगता मी एकटा गेलो. मनात म्हटलं, आता पकडतो. स्वच्छ ऊन होतं, धुक्याचं नाव नाही. चरीच्या अलीकडे ते बसले होते. तीनदा मोजले. तिन्ही वेळा सदतीस. कसा कोण जाणे, तो आकडा माझ्या तोंडून मोठ्याने निघाला. आणि सदतीसच्या सदतीस माना एकदम माझ्याकडे वळल्या. वर्गात हजेरी घेताना नाव पुकारलं की वळतात ना, तशा.

घरी आलो. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता वरण गरम केलं आणि नेहमीपेक्षा चमचाभर तूप जास्त वाढलं.

तिसरं वर्ष हे काकूंचं कचेरीतलं शेवटचं. डिसेंबरात त्या निवृत्त होणार होत्या. मसुदा लोकांसमोर आला त्या आठवड्यात त्या जिना चढून वर माझ्या खोलीत आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी वर येत नसत.

"मला एक वर्ष तिथे शून्य लिहायचंय," त्या म्हणाल्या. "जाण्याआधी एकदा. ते सगळे चरीपलीकडे एकत्र बसलेले मला बघायचेत. अकरा वर्षं बोट दाखवलं रे मी."

"मग मसुद्यावर तुमचं म्हणणं लिहून द्या ना."

"मी कचेरीतली. मला देता येत नाही. तू बाहेरच्या कंपनीचा, तू लिही."

"पण मी काय म्हणून लिहू?"

"रहिवासी म्हणून. तू कुणीच नाहीस, हेच तर हवंय."

मी लिहिलं. पक्षी वेगळे बसतात हे अर्थातच लिहिलं नाही. पक्ष्यांची रात्रीची जागा, त्यांना होणारा त्रास, शेजारच्या पोल्डरात नेहमीसारखी शिकार चालू असणं, अशी सरळ कारणं दिली. सुनावणी झाली. एका बाजूला मी, समोर तो शेतकरी, मध्ये साहेब आणि कोपऱ्यात इतिवृत्त टाइप करणाऱ्या काकू. त्यांना बोलायची परवानगी नव्हती. शेतकऱ्याने गवताचे फोटो दाखवले. मी माझे मुद्दे वाचले, वाईट डचमध्ये. साहेब घड्याळाकडे पाहू लागले.

मग शेतकरी अचानक खुर्चीतून वळला. "मेवरॉव, तुम्ही इतकी वर्षं माझ्या बांधावर पावसापाण्यात उभ्या राहता. तुम्हाला काय वाटतं?"

काकूंचे हात थांबले. "मला वाटायचा प्रश्न नाही, मी कारकून आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या त्या रकान्यात मला एकदाच शून्य लिहायला आवडेल. माझं हे शेवटचं वर्ष आहे."

शेतकऱ्याने हनुवटी खाजवली, छताकडे पाहिलं, आणि मग आपला तो फावड्याएवढा हात पुढे केला. "एक वर्ष. तुमच्यासाठी. माझा शब्द." काकूंनी तो हात दोन्ही हातांत धरला. साहेबांना तर भांडण मिटल्याचा एवढा आनंद झाला की त्यांनी आम्हा दोघांचे आभार मानले आणि मसुद्यात शून्य मंजूर करून टाकलं.

आकडे भरायच्या दिवशी काकूंनी हात धुतले, चष्मा चढवला आणि पहिल्यांदाच उजवा हात वापरला. तर्जनीने शून्य दाबलं. मी शेजारीच होतो. पडद्यावरचं ते गोल शून्य मी या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी अख्ख्या कचेरीला शिरा खाऊ घातला. केशर घातलेला. सही झाली, आदेश प्रसिद्ध झाला. आता तो पुन्हा कोण वाचतंय?

आठवड्याने साहेब म्हणाले, काकूंचा निरोपाचा फोटो त्यांच्या पोल्डरातच काढू. शेतकऱ्यालाही बोलावलं. दुपारची वेळ. सकाळचं धुकं पुरतं उठलं नव्हतं. काकूंनी बुटांवर चक्क इरकली साडी नेसली होती आणि वरून जाड कोट. वाटेत त्या गाडीत गुणगुणत होत्या. मी त्यांना गुणगुणताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

शेतकरी बांधावर आधीच येऊन उभा होता. त्याने हात हलवला, पण बोलला नाही. आम्ही वर चढलो.

डाव्या अंगाला नेहमीचा कालवा. मध्ये चर. आणि चरीच्या अलीकडे, उजव्या अंगाला, ते बसले होते. गप्प. पांढरे चेहरे आमच्याकडे.

काकूंचं गुणगुणणं थांबलं. "अरे," त्यांनी माझी बाही धरली. "हे का बसलेत?"

"काकू, शून्य आहे. मी स्वतः पाहिलंय."

"मग यांना सांग ना तसं!"

आम्ही मराठीत काय बोलतोय ते साहेबांना कळलं नाही, पण काकूंचा चेहरा कळला. त्यांनी हसत हसत मोबाइल काढला. "थांबा, मेवरॉवना आदेशच दाखवतो. हे बघा, तुमचा पोल्डर, आणि इथे..." पुढचा शब्द आलाच नाही. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. प्रसिद्ध झालेल्या आदेशात काकूंच्या पोल्डरसमोर लिहिलं होतं: सदतीस.

मला कळलं होतं. एका क्षणात कळलं. रकाना रिकामा राहिला तर काम अडू नये म्हणून गेल्या वर्षीचा आकडा आपोआप उचलायचा, अशी सोय मीच प्रोग्रॅममध्ये केली होती. आणि शून्य म्हणजे रिकामा रकाना नव्हे, हे त्या प्रोग्रॅमला सांगायला मीच विसरलो होतो. कोण कशाला शून्य लिहील? आजवर कुणी लिहिलंच नव्हतं. पडद्यावर शून्य दिसलं, पण आदेश छापताना प्रोग्रॅमने ते रिकामं धरलं आणि मागच्या वर्षीचे सदतीस आणून बसवले. साहेबांनी विश्वासाने सही केली. शंभर रकाने कोण पुन्हा तपासतो?

मी साहेबांना ते अडखळत सांगितलं. ते पांढरे पडले, मग लाल झाले. "आज दुपारीच दुरुस्ती प्रसिद्ध करतो," ते म्हणाले. "मेवरॉव, तासाभरात तुमचं शून्य होईल. काहीच बिघडलेलं नाही. बघा, सगळे जिवंत आहेत."

काकू ऐकत नव्हत्या. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला होता आणि त्या मोजत होत्या. तोच पाढ्यांचा सूर. एक चिंचोका गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. मग सूर मध्येच तुटला.

"छत्तीस," त्या म्हणाल्या.

पुन्हा मोजले. मीही त्यांच्याबरोबर मोजले. छत्तीस. साहेबांना मी तो आकडा डचमध्ये सांगितला.

साहेबांना काकूंची ती जुनी गोष्ट ठाऊक होतीच. त्यांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांच्या छातीवरची धोंड कुणी उचलली. "छत्तीस! आदेशात सदतीस, इथे छत्तीस! म्हणजे पक्ष्यांना काही कळत नाही, मेवरॉव. योगायोग होता. निव्वळ योगायोग!" ते मोठ्याने हसले. मीही हसलो. खरं सांगतो, इतकं हलकं मला दोन वर्षांत वाटलं नव्हतं. काकूंनीसुद्धा श्वास सोडला आणि डोळ्यांना पदर लावला. "एक कमी," त्या पुटपुटल्या. "म्हणजे मी उगाचच... अकरा वर्षं उगाचच."

साहेबांनी फोटोसाठी मोबाइल वर धरला. "जवळ या, जवळ या," म्हणून शेतकऱ्याला हात केला. तो जागचा हलला नाही. आल्यापासून तो एक अक्षर बोलला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याचे लाल गाल राखेसारखे झाले होते. तो आमच्याकडे बघत नव्हता. चरीच्या अलीकडे बसलेल्यांकडे बघत होता, आणि ते त्याच्याकडे.

"सदतीसच होते!" तो ओरडला. "कागदावर आकडा दिसला, म्हणून काल सकाळी एक मी मारला!"